वाळूच्या पिशव्या शिवणारी आत्या

आत्याला तारीख सांगितली की ती तिथी विचारायची. काशीदच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून एक रात्र राहायचं, हे आम्ही कंपनीची सुट्टी बघून ठरवायचो. ती मात्र भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेई, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करी आणि भरतीची वेळ सांगे. "अष्टमी बघून जावा. सांजंला सहाला भरती होते, मग रातभर पानी लांब. पुनवेला गेलात तं अंथरुनासकट भिजाल." हे गणित तोंडी, आणि ते कधी चुकलं नाही.

ती पेणच्या खाडीकाठची. आईबाप मिठागरावर राबायचे आणि मिठाचा हंगाम संपेपर्यंत सगळं घर बांधावरच्या झोपडीत असायचं. आमचा दुकानातला रंगीत तंबू पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती पोट धरून हसली. "आमचं कॅम्पिंग पावसापातूर चालायचं. तेबी मजुरी घेऊन." लग्नानंतर ती वरसे गावात आली, आमच्या घरापासून दोनच गल्ल्यांवर.

पहिल्या वर्षी वाऱ्याने आमच्या तंबूच्या खुंट्या वाळूतून उपटून टाकल्या. ते ऐकल्यावर आत्याने शिवणयंत्र पुढे ओढलं आणि काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, खाकी पँटी कापायला घेतल्या. पिशवी शिवायची, तीत वाळू भरायची, दोरी बांधून हातभर खोल पुरायची. मग तंबू हलत नाही, असं तिचं म्हणणं. काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. त्यांचा कंपनीचा गणवेश कापला जातोय हे बघून माझ्या बायकोला, सुनीताला, भरून आलं. आत्या मशीन न थांबवता म्हणाली, "ते आता ड्यूटीवर नाय जायचे गो. कापड कशाला कुजवायचं?"

पुढची चार वर्षं आमची तयारी तिच्याच ओटीवर झाली. सुकट भाजून डब्यात, आगपेटी प्लास्टिकच्या डबीत, चटण्या, कांदे, पाण्याचा कॅन. मिठाची पुडी ती शेवटी द्यायची आणि दर्यावर जाऊन मीठ विसरू नका म्हणून चिडवायची. एकदा सुनीताने तूही चल म्हणून फारच लावून धरलं, तर म्हणाली, "यांच्यापाशी कोन बसल?" आम्ही हळहळलो आणि गाडीत बसलो. मी बसतो, असं कोणी म्हणालं नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर ती येत नाही याची आम्हाला सवय झाली होती, आणि आयत्या तयारीचीही.

मग काका गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर मी म्हटलं, आता तू यायचंच. आधी नको नको म्हणाली, पण दोन दिवसांनी सुनीताला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गो सुनीता, तिथं रातचा गाऊन चालंल काय? का साडीच नेसू?" साठी उलटलेली बाई. खाडीच्या वाऱ्यात वाढली, पण उघड्या समुद्राकाठी एकदाही राहिली नव्हती. तिने माघातली अष्टमी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची पिशवी भरली.

त्या आठवड्यात मला सेकंड शिफ्ट लागली. कोणाशी तरी शिफ्ट बदलून घेता आली असती. मी कंटाळा केला, पुढच्या महिन्यात जाऊ म्हणालो. "व्हय, दर्या कुटं पळतोय," म्हणाली, आणि पिशवी तशीच दाराआड ठेवली.

पुढच्या महिन्यात आत्याच्या छातीत पाणी झालं. रोह्याच्या दवाखान्यात ती उशांना टेकून बसलेली असे. आडवं पडलं की दम लागायचा. अष्टमीच्या दिवशी तिने आम्हाला दोघांना बजावलं की गाडी सांगितलीय तर जाऊन या. आम्ही हललो नाही तशी ती रागावली. "आरं, माज्यापायी का खोळंबता? तुमी जावा." मी तिचा हात धरून बसून राहिलो. दोन दिवसांनी ती गेली.

ती दवाखान्यात होती ते आठही दिवस मी रजेवर होतो. काकांजवळ एक रात्र बसायला मला चार वर्षांत जमलं नव्हतं, आणि ही रजा मी सुपरवायझरला एक फोन करून मिळवली होती.