दुसरं रीडिंग

मावशींचा पहिल्या रीडिंगवर कधीच विश्वास नसायचा. वेस्ट विंडसरजवळच्या आमच्या देवळात दर रविवारी चपलांच्या रॅकशेजारी घडीचं टेबल मांडून त्या लोकांचं बीपी मोजत. एकदा मोजलं की पट्टा तसाच ठेवून माणसाला पाच मिनिटं गप्प बसवत आणि पुन्हा मोजत. म्हणत, "पहिलं घाबरलेलं असतं. खरं दुसरं."

प्रसादाच्या रांगेकडे बघून कोणी चुळबुळ केली, की म्हणायच्या, "काका, शिरा पळून नाही जात. पाय खाली टेका, तोंड बंद." तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं नर्सची नोकरी केली होती. निवृत्त होऊन परदेशात मुलाकडे आल्या, तर इथे ना गाडी चालवता येई, ना कुठे काम मिळे. रविवारचं ते टेबल तेवढं त्यांचं होतं.

माझी मुलगी ईशा सहा रविवार त्यांच्या हाताखाली आकडे लिहून घ्यायला होती. मावशी तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणत. तिने एकदा अंदाजे एकशे चाळीस लिहिलं. "एकशे सदतीस म्हणजे सदतीस," मावशींनी खोडायला लावलं.

मेडिकल स्कूलचा अर्ज भरताना ईशाने त्या सहा रविवारांबद्दल जे लिहिलं, ते मला फारच किरकोळ वाटलं. मी बसून बदललं. बीपी तपासणीचं हे शिबिर तिनेच सुरू केलं, दीडशे तास काम केलं, असं लिहिलं.

"बट बाबा, ते मावशींनी स्टार्ट केलं ना?"

"त्यांनीच असं लिहायला सांगितलंय," मी म्हणालो. तोवर मी त्यांना काही विचारलंही नव्हतं. हे आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

खात्री करून घेण्यासाठी अर्जात कोणाचा तरी फोन नंबर द्यावा लागतो. मी मावशींचा दिला आणि मग त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. म्हणालो, "कॉलेजचा फोन आला तर फक्त येस म्हणा."

त्यांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला. एकशे बत्तीस. पाच मिनिटं आम्ही समोरासमोर बसून राहिलो. दुसऱ्यांदा एकशे एकावन्न.

"गप्प बसवल्यावर वाढलेलं पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "मला न विचारता लिहिलंत, हे पोरीला माहीत आहे?"

"नाही."

"कळू नका देऊ. ती खरं लिहिणारी आहे."

फोन आला. त्यांनी येस म्हटलं. पुढच्या रविवारी रॅकशेजारी टेबल नव्हतं. मी फोन केला, तर म्हणाल्या, "माझ्या आकड्यावर लोक डॉक्टरकडे जातात हो, गोळ्या बदलून घेतात. आता माझाच माझ्यावर भरवसा नाही."

त्या हिवाळ्यात मेंदूत रक्तस्राव होऊन त्या गेल्या. भेटायला गेलो तेव्हा मुलगा म्हणाला, "आईने स्वतःचं बीपी बघणंही सोडलं होतं. मशीन कपाटातच पडून होतं." मी मान हलवली आणि समोर आलेला चहा प्यायलो.

ईशा आता मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवा घरी आली तेव्हा तिने माझं बीपी बघितलं. "नॉट बॅड, बाबा." मी उठायला लागलो, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वेट. पाच मिनिटं बोलायचं नाही. मावशी ऑलवेज दोनदा घ्यायच्या."

मी पट्टा सोडला आणि बाही खाली ओढली.