आबांच्या खिशातला पेन

मी घर सोडून निघाले त्या दिवशी मम्मी शेवटपर्यंत नाड्या घालत बसली होती. हैदराबादच्या विमानतळावर न्यायला आलेली गाडी दारात उभी होती, ड्रायव्हरचा हॉर्न वाजवून झाला होता, आणि मम्मी पलंगावर मांडी घालून माझ्या सलवारींच्या नेफ्यातून एकेक नाडी ओढून काढत होती. "तिकडं कोण घालून देणार आहे?" हे ती बहुतेक मला नव्हे, नाडीलाच विचारत होती. हातात शिवणाच्या डब्यातली नेहमीची पितळी पट्टी. चपटी, वीतभरापेक्षा थोडी कमी, एका टोकाला खाच आणि दुसऱ्या टोकाला बारीक भोक. खाचेत नाडी अडकवायची, पट्टी नेफ्यात सरकवायची, पलीकडून ओढून घ्यायची. आमच्या घरात तिला 'नाडीचं' म्हणतात. "नाडीचं कुठं गेलं?" एवढंच.

पप्पा बाहेरच्या खोलीत आबांच्या फोटोखाली उभे होते. आबा म्हणजे त्यांचे वडील, मी जन्मायच्या आधीच गेलेले. फोटोत फक्त चेहरा आणि छाती, तेही मोठं करून घेतल्यामुळे पुसट झालेलं. पण सदऱ्याच्या खिशातून डोकावणारा पेन दिसतो, आणि त्या पेनापासून बटणाच्या काजापर्यंत गेलेला दोरा. पप्पांनी मला फोटोपुढे हात जोडायला लावले आणि लहानपणापासून ऐकलेलं वाक्य पुन्हा म्हणाले, "आबा गिरणीत कामाला होते, पण खिशाला पेन होता. हरवू नये म्हणून दोऱ्यानं बांधलेला. त्या पेनामुळं मी शिकलो, माझ्यामुळं तू." मग त्यांनी स्वतःच्या खिशातला पेन काढून माझ्या पर्समध्ये ठेवला. मी रडले नाही. मला लोकांसमोर रडता येत नाही, घरच्यांसमोर तर नाहीच.

हे मी मराठीत लिहिते आहे, सावकाश. माझी सगळी शाळा इंग्रजीतून झाली. किराणा दुकानात यादी वाचायला अजून मला वेळ लागतो. पण हे ज्यांना सांगायचं आहे ते नांदेडला आहेत, लातूरला आहेत, आणि काही माझ्यासारखे कुठल्या तरी थंड गावात हीटरला पाय लावून बसलेले आहेत.

मी आले ते इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका जुन्या गिरण्यांच्या शहरात. इथल्या गिरण्यांचे आता फ्लॅट झालेत, कॉफीची दुकानं झालीत, एकीचं म्युझियम झालंय. मी तिथं वस्तू जतन करण्याचा कोर्स करायला आले आणि त्याच म्युझियममध्ये आठवड्यातून काही दिवस काम करू लागले. इथं चिमणीला चिमणी म्हणून मान आहे. शाळेची मुलं रांगेनं येतात, मान वर करून बघतात. आमच्या नांदेडला कुणी आलं की त्याला गुरुद्वारा दाखवतात, गोदावरीचा घाट दाखवतात. गिरणी कुणी दाखवत नाही. ज्या भोंग्यावर आमच्या कॉलनीतल्या चुली पेटायच्या, तो भोंगा मी ऐकलासुद्धा नाही. मला तो फक्त पप्पांच्या तोंडून ऐकू येतो, आणि पप्पा त्याचा आवाज काढतात तेव्हा मम्मी म्हणते, "पुरे, शेजारी दार उघडतील."

एकदा आमच्या क्युरेटर हेलनबाई मला हत्यारांचे कप्पे दाखवत होत्या. ग्लोव्हज घालायचे, कप्पा हळू ओढायचा, श्वाससुद्धा जपून. एका कप्प्यात पांढऱ्या कागदावर, अगदी बाळासारखं निजवलेलं, 'नाडीचं' होतं.

तेच. तीच खाच, तेच भोक. खाली लेबल: रीड हूक. कापड विणायला घ्यायच्या आधी ताण्याची सुतं एकेक करून मागाच्या फणीतून ओढून घ्यावी लागतात, त्या कामाचं हत्यार.

मी हसले. मी इथं आल्यापासून इतक्या मोठ्यानं हसले नव्हते. "हे माझ्या आईकडे आहे," मी म्हटलं.

"आई विणकर आहे?"

"नाही. पायजम्याच्या नाड्या घालते."

हेलनबाई ग्लोव्हजसकट खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या गावात गिरणी होती? हे तू मला आज सांगतेस?" आणि मी, जी वर्गात हजेरी देतानाही पुटपुटते, ती सुटलेच. आबा, भोंगा, कॉलनी, पप्पांची कहाणी, दोऱ्यानं बांधलेला पेन. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं: कापसाच्या शहरांचं प्रदर्शन करतो आहोत, त्यात एक भिंत आणि एक काचपेटी नांदेडला दिली तर भरशील का? जुने फोटो आण, हत्यारं आण. मी हो म्हटलं आणि बाहेर येऊन रस्त्यातच फोन लावला. पप्पांनी तो आनंद लगेच गल्लीत वाटला. आबांचा पेन इंग्लंडला निघाला होता.

हिवाळ्यात घरी आले. फ्रेममधला फोटो पुसट होता, मूळ फोटो लातूरला आत्याकडे होता. म्हणून एस्टीनं लातूर गाठलं. चाकूर मागे पडलं तेव्हा आत्याचा फोन आला, "जेवून येऊ नकोस बाई, मी भाकरी टाकल्यात." पोटभर जेवल्याशिवाय तिनं पेटी उघडली नाही.

मला वाटत होतं, आबांचा एकट्याचा फोटो असेल. तो निघाला गिरणीतल्या त्यांच्या खात्यातल्या सगळ्या कामगारांचा. माणसांच्या रांगा, मागे विटांची भिंत. आमच्या फ्रेममधला तुकडा कुणीतरी यातूनच कापून मोठा करून घेतला होता. मी लॅपटॉप काढला, फोटो स्कॅन केला आणि आबांच्या खिशावर गेले. मग शेजारच्या माणसाच्या खिशावर. मग त्याच्या शेजारच्या. आबांच्या अख्ख्या रांगेत प्रत्येकाच्या खिशाला तोच पेन होता आणि प्रत्येकाच्या पेनाला दोरा होता. आबांच्या खिशावर पुन्हा येऊन मी चित्र आणखी मोठं केलं. टोपण नव्हतं. क्लिप नव्हती. चपटं टोक होतं, त्याला भोक होतं, आणि दोरा त्या भोकातून गेला होता.

"काय बघलालीस गं येवढं?" आत्या मागून म्हणाली.

"आत्या, आबांना लिहिता येत होतं?"

"येत होतं की! सही करायचे. एका सहीला चहा थंड व्हायचा." ती हसली. मग स्क्रीनकडे आणि माझ्याकडे बघून तिला कळलं. "हे पेन न्हाई होय?" तिनं पदर तोंडाला लावला. "माय गं. भावाला सांगू नकोस. त्यो त्या पेनाला धरूनच मोठा झालाय."

परतीच्या एस्टीत मी फोटो मांडीवर घेऊन बसले. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. प्रत्येक वर्गाला त्यांनी हा पेन सांगितला. दर जयंतीला आमच्या विहारात भाषणाला उभे राहतात आणि पेनापासून सुरुवात करतात. आमच्या समाजात खिशाचा पेन म्हणजे काय, हे आमच्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. इंग्लंडच्या भिंतीवर खोटं लेबल लावायचं नव्हतं, आणि खरं लावलं तर पप्पांच्या आयुष्यातली पहिली ओळच खोडली जाणार होती. तरीही, खरं सांगते, त्या एस्टीत मला भीतीपेक्षा आनंदच जास्त होत होता. आबांच्या हातातली वस्तू आमच्या शिवणाच्या डब्यात होती! कुणीही न जपता ती टिकली होती.

मला बोलून सांगणं जमत नाही. घरी आल्यावर मी टेबलावर लॅपटॉप उघडला, खिसा मोठा करून ठेवला, आणि त्याच्या शेजारी डब्यातून आणून 'नाडीचं' ठेवलं. पप्पांना हाक मारली.

ते चष्मा लावून वाकले. मग हळूच पट्टी उचलली आणि भोक डोळ्यांसमोर धरलं.

"दोरा," ते म्हणाले. "पेनाला दोरा मी तरी दुसऱ्या कुणाच्या बघितला होता? हरवू नये म्हणून बांधला, हे आबांनी कधीच सांगितलं नव्हतं. ते माझं मीच लावलं."

ते बाहेर दारापुढच्या ओट्यावर गेले. मम्मीनं मला स्वयंपाकघरातूनच डोळ्यांनी विचारलं, काय केलंस? मी मान खाली घातली. फोटो दाखवला नसता तर, असं मनात यायला लागलं होतं, तेवढ्यात पप्पा परत आले.

"हे धरायचं कसं?"

इंग्लंडला मागावर काम करून दाखवणाऱ्या बाईंकडून मी ते शिकले होते. पण इथं माग कुठला? मी मम्मीचा कंगवा आणला, तो उभा धरला आणि शिवणाचा दोरा मागून पुढे केला. पप्पांनी कंगव्याच्या दातांमधून पट्टी घातली, खाचेत दोरा पकडला, ओढला. सुटला. पुन्हा. सुटला. "खाचेत दोरा बसंनाच," ते वैतागले. मग एक दोरा आला. मग दुसरा, शेजारच्या फटीतून. लहान मुलासारखे ते माझ्याकडे बघून हसले.

"आबा हे दिवसभर करायचे?"

"हो. एक जरी फट चुकली की कापडात रेघ उठते."

पप्पांनी पट्टी बोटांत फिरवून पाहिली. मग एकदम म्हणाले, "म्हणजे घरातला पहिला पेन माझा निघाला की!"

"तुमचा?" मी विचारलं.

"मी चौथीत असताना आबांनी आणून दिला. शाईचा. ह्याच्या जिवावर." त्यांनी पट्टी हवेत हलवली. "आणि तुझी मम्मी इतकी वर्षं आबांच्या हत्यारानं नाड्या घालायलीय!"

"मला काय माहीत?" मम्मी बाहेर आली. "सासूबाईंनी हातात दिलं, म्हणल्या नाडीचं हाय, जपून वापर. जपूनच वापरलं की. तुम्ही फोटोला हार घातला, मी वस्तू सांभाळली."

पप्पांनी पट्टी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

संध्याकाळपर्यंत फोटो गल्लीभर झाला. आमच्या टेबलाभोवती माणसं दाटली, प्रत्येकजण रांगांमधून आपला माणूस शोधू लागला. आणि कुणाच्या हातात काय आहे ते दिसलं तसं घराघरातून वस्तू येऊ लागल्या. तोवर मी विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर असायचं, "गिरणीचं आमच्याकडं काही न्हाई." खोटं नव्हतं ते. त्यांच्या लेखी ते गिरणीचं उरलंच नव्हतं. शेजारच्या शेवंताकाकू स्वयंपाकघरातली बारकी बिनकड्यांची कात्री घेऊन आल्या: "ही सूत कापायची व्हय? हिनं तर मी दुधाची पिशवी फोडते!" पलीकडच्या घरातून लाकडी धोटा आला, सूत घेऊन मागातून इकडून तिकडे धावणारा, तो बुद्धमूर्तीपुढे अगरबत्तीचं घर होऊन बसला होता, धुरानं काळा. एक पाना आला, आता नळाच्या कामाला लागलेला. मी फोटो काढत सुटले. लोकांशी बोलायला मी लाजते, हे त्या गडबडीत विसरूनच गेले.

"मग काय काय नेतीस?" मम्मीनं विचारलं.

म्युझियमचा नियम मला पाठ होता. वस्तू एकदा कप्प्यात गेली की तिला उघड्या हातांनी शिवायचं नाही, आणि ती कामाला तर कधीच लावायची नाही. मी काकूंच्या कात्रीकडे पाहिलं, धोट्यावरच्या राखेकडे पाहिलं.

"काहीच नाही," मी म्हटलं.

त्या रात्री हेलनबाईंना ईमेल लिहिला. मी विनंती केली नाही, सरळ सांगितलं. भिंतीवर कामगारांचा जुना फोटो मोठा करून लावू. त्याच्या भोवती आजचे हात: काकूंचा कात्री धरलेला, मम्मीचा नाडी ओढणारा, पप्पांचा कंगव्यातून दोरा काढणारा. काचपेटी रिकामी ठेवू. त्यांचं उत्तर एकाच शब्दात आलं: येस.

प्रदर्शन आता सुरू आहे. बाकीच्या शहरांच्या पेट्या गच्च भरल्या आहेत. नांदेडच्या पेटीत फक्त लेबल आहे, वर इंग्रजीत आणि खाली मराठीत, माझ्या अक्षरात, पप्पांच्या पेनानं लिहिलेलं: 'मूळ वस्तू नांदेडला आहे. वापरात आहे.' लोक आधी गोंधळतात, मग भिंतीकडे बघतात, मग हसतात. मी कोपऱ्यात उभी राहून त्यांना बघते.

घर म्हणजे काय, हे मला इथं अनेकजण विचारतात. पूर्वी मी गोदावरी वगैरे सांगायचे. आता मला वाटतं, जिथली वस्तू अजून काचेआड गेलेली नाही, ते घर. परवा व्हिडिओ कॉल केला तर पप्पा जयंतीच्या नव्या भाषणाची तयारी करत होते. सदऱ्याच्या खिशात दोन टोकं दिसत होती, एक पेनाचं आणि दुसरं पितळेचं, दोरा ओवून बटणाला बांधलेलं. मला ते नीट दाखवायला ते कॅमेऱ्याजवळ आले, तेवढ्यात मागून मम्मीचा आवाज आला.

"अहो, ते सोडा हिकडं. माझा परकर अडलाय."