होस्टाचा हिरवा फुटवा

मंडळी, संध्याकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

गास गावातल्या आमच्या घरामागे फणसाच्या सावलीत मी होस्टा लावलाय, शोभेच्या पानांचं झाड. हिरव्या पानांना पांढरी कड, तिच्यासाठीच सगळा खटाटोप. त्यात एक फुटवा पूर्ण हिरवा आला. तो ठेवला तर कडवाल्या पानांना दाबून टाकतो, म्हणून आज कामावरून आल्यावर काढणार होते.

आले, तर फक्त तोच उभा.

सासूबाईंचा जन्म भाजीच्या वाडीत गेला. म्हणाल्या, "पानं पांढरी पडलेली बाय, रोगच तो. म्हनून खुडली. हे एक निरोगी हाय, जगंल."

"बरं केलंत आई," एवढंच बोलले.

तेव्हापासून पांढऱ्या कडेचा कोंब दिसतो का ते बघायला मी सारखी मागे जातेय. त्याही येतात, हिरव्याला पाणी घालायला.

माझ्या जागी तुम्ही असता तर उपटला असता तो?