हात पोचत नाय

आमच्या ऑफिसात मोठ्या साहेबांना तोंडावर 'नाय' म्हणायची छाती कुणाची नव्हती, म्हणून ते काम मी कॉम्प्युटरकडून करवून घेतलं. रोह्यात काही लोक अजून सांगतात की तो कॉम्प्युटर बिघडला होता. साफ खोटं. तेवढा शहाणा तो आधी कधीच नव्हता.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी पेणचा, नोकरी रोह्याला. केमिकल कंपन्यांना टाक्या करून देणारा एक फॅब्रिकेशनचा कारखाना होता, तिथे ड्राफ्ट्समन. कारखान्यात कॉम्प्युटर एकच. त्याला वेगळी खोली, खोलीला एसी, दाराला पडदा, चपला बाहेर. आमच्या पेणला गणपतीचे डोळे आखतात तेव्हासुद्धा माणसं एवढा श्वास रोखून धरत नाहीत. आणि एसी असा की मे महिन्यात मी मफलर गुंडाळून आत जायचो. बाहेर आलो की यार्डातले वेल्डर विचारायचे, "काय भाऊ, बर्फ पडला का आज?"

ड्रॉइंगच्या त्या सॉफ्टवेअरच्या पोटात लिस्प नावाच्या भाषेची एक बोली राहायची. सगळा कंसांचा कारभार. चिमूटभर प्रोग्राम लिहिला तरी शेवटी बंद होणाऱ्या कंसांची रांग रोह्याहून निघायची ती नागोठण्याला संपायची. एक कंस कमी पडला की मशीन म्हशीसारखं रस्त्यात बसलंच. पण मी त्या म्हशीला वळण लावलं. टाकीची गोलाई किती, उंची किती, व्हॉल्व्ह जमिनीपासून कुठे, एवढं विचारून पुरी टाकी आपोआप काढणारा प्रोग्राम मी लिहिला. चहाचा ग्लास खाली ठेवेपर्यंत टाकी उभी!

फक्त एक खोट होती. समोर आलेली वस्तू काय आहे, हे ती भाषा ओळखायची, पण तिला ओळखी फार थोड्या. पूर्ण आकडा, दशांशाचा आकडा, अक्षरं, यादी आणि असेच आणखी दोनचार प्रकार. ज्यांनी ती बनवली त्यांच्या मते जग तिथेच संपत होतं. म्हणून एकदा व्हॉल्व्हच्या उंचीत एक शून्य जास्त पडलं. सोळाशे मिलिमीटरचे झाले सोळा हजार. टाकी चार मीटरची आणि तिचा व्हॉल्व्ह वर आभाळात घारीसारखा. ते शून्य माझ्या हातून पडलं असं म्हणतात. म्हणोत बापडे, मी ते अजून मान्य केलेलं नाही. मशीनला विचारलं असतं तर ते म्हणालं असतं, आकडा मागितलात, आकडा मिळाला. प्रिंट यार्डात गेली आणि वेल्डर ती हातात नाचवत आला.

"भाऊ, ह्यो व्हॉल्व्ह उघडाया मानूस ठेवायचा का पतंग?"

आमच्या थंड खोलीत दुसरी खुर्ची एका बाईंची होती. कासूच्या. आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेल्या. उंचीने एवढ्या बारक्या की ड्रॉइंग बोर्डामागे उभ्या राहिल्या की बोर्डच बोलतोय असं वाटायचं. आवाज मात्र असा की धरमतरच्या बंदरात उभं राहून हाक मारली तर समुद्रात गेलेलं मालाचं बार्ज मागे फिरावं. मी त्यांना बाय म्हणायचो, त्या मला भाऊ. सकाळच्या गाडीला मी पेणला बसायचो, त्या कासूला चढायच्या, आणि रोहा येईपर्यंत आमची कचेरी डब्यातच भरायची.

त्या शून्याच्या दुसऱ्या दिवशी चढल्या चढल्या त्यांनी सुरुवात केली.

"तुमचा प्रोग्राम येवढंच इचारतो, आकडा हाय का. व्हय, हाय. मंग झाला काम."

"मग काय विचारू गो बाय? पत्रिका मागू आकड्याची?"

"हात पोचतो का, ता इचारा."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांचा नवरा रोह्यातच एका कंपनीत शिफ्टला होता, एवढं मला ठाऊक होतं. तो काय करतो ते त्या दिवशी कळलं.

"उलटा ड्रम ठेवतो नि त्याच्यावर चढतो. व्हॉल्व्ह डोक्याच्या वर. ड्रम डगमगतो, नि टाकीत आशिड. कुनीतरी कागदावर आकडा टाकला आसंल ना भाऊ? बरोबरच आसंल तो आकडा."

नागोठणं येईपर्यंत मी एकही थाप न मारता पेपरच्या कडेला तो ड्रम आणि वरचा व्हॉल्व्ह आखत बसलो. मला ओळखणाऱ्यांना यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळेल.

आता या भाषेचा एक गुण सांगतो. तिच्यात एका फंक्शनचं नाव दुसऱ्या फंक्शनच्या हातात देता येतं, निरोप द्यावा तसं. त्या जोरावर मी 'तपास' नावाचं एक फंक्शन लिहिलं. त्याला दोन गोष्टी द्यायच्या, एक वस्तू आणि ती काय असायला हवी त्याचं नाव. नाव मशीनच्या ठरलेल्या प्रकारांतलं असेल तर तपास मशीनला विचारणार. नसेल तर त्या नावाचा प्रश्न आम्ही कुणी लिहून ठेवलाय का ते बघणार, आणि ती वस्तू त्या प्रश्नापुढे उभी करणार. प्रश्न 'व्हय' म्हणाला तर पुढे चला, 'नाय' म्हणाला तर टाकी निघत नाही. बस्स. भाषा करणाऱ्यांनी सातासमुद्रापलीकडे बसून ठरवलेल्या प्रकारांच्या पंक्तीला मी कासूचे आणि रोह्याचे प्रकार नेऊन बसवले, आणि तपास वाढताना कुणाच्याही पानात भेद करत नव्हता.

पहिला प्रश्न 'हात-का'. त्यासाठी बायना एसीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभं केलं, हात वर करायला लावला आणि बोटांपाशी पेन्सिलीने रेघ मारली. यांचा हात पोचला तर रायगड जिल्ह्यात कुणाचाही पोचेल, हा माझा सिद्धांत. 'हात-का' आधी बघायचा की हा आकडा आहे, आणि मग बघायचा की माणूस जिथे उभा राहणार तिथून ही उंची त्या रेघेच्या आत आहे.

मग आम्हाला चटकच लागली. यार्डातले फिटर मिलिमीटर मानत नसत, इंच आणि सूत बोलत. आठ सुतांचा इंच. 'दोन इंच तीन सूत' मशीनला दिलं तर त्याला दिसायची नुसती दोन आकड्यांची यादी. आम्ही 'सूत-का' लिहिला. यादीत दोनच आकडे हवेत आणि दुसरा आठाच्या आत हवा, नाहीतर ते सूत नव्हे. 'पूल-का' विचारायचा की टाकी ट्रेलरवर चढवली तर रेल्वेच्या पुलाखालून जाईल का. 'डोकं-का' विचारायचा की खालून जाणाऱ्या माणसाचं कपाळ पाइपाला न भेटता सुटेल का. खबर यार्डात गेली आणि खिडकीशी माणसं उभी राहायला लागली, रेशनच्या दुकानासारखी. प्रत्येकाला आपला प्रश्न आत घालायचा होता. पतंगवाल्या वेल्डरला 'जेवण-का' हवा होता, जेवायच्या सुट्टीच्या तोंडावर जड काम यार्डात येऊ नये म्हणून. मी तोसुद्धा लिहिला. बायनी पुसला.

आणि अडलं की स्क्रीनवर काय उमटायचं? भाषेचं स्वतःचं इंग्रजीतलं गाऱ्हाणं कुणाला कळायचं नाही. मी रोमन अक्षरांत आमचंच बोलणं घातलं होतं: नाय. हात पोचत नाय.

मोठे साहेब पुण्याचे. शर्टाला इस्त्री, शब्दालाही इस्त्री. एका कंपनीची आशिडच्या टाकीची ऑर्डर मिळवायला त्यांनी कोटेशन खाली आणलं होतं, आणि ते आणताना टाकीची शिडी आणि उभं राहायचा प्लॅटफॉर्म दोन्ही कापून टाकले होते. व्हॉल्व्ह राहिला तिथेच, जमिनीपासून बत्तीसशेवर. ते त्या कंपनीच्या मॅनेजरला घेऊन आमच्या खोलीत आले. मॅनेजर चपला बाहेर काढून, हात जोडावे की नाही अशा विचारात आत आला.

"बघा आता," साहेब म्हणाले, "तुमच्या डोळ्यांसमोर टाकी काढतो."

मला उठवून ते स्वतः बसले. गोलाई टाकली. उंची टाकली. व्हॉल्व्ह, बत्तीसशे. उभं राहायची जागा, जमीन. ऐटीत बटण दाबलं.

नाय. हात पोचत नाय.

साहेबांनी परत दाबलं. परत तेच. मॅनेजर पुढे वाकून एकेक अक्षर लावत वाचायला लागला आणि असा हसला की दाराचा पडदा हलला. "अहो, तुमचं मशीन तर गावचं निघालं!"

तो गेल्यावर साहेब माझ्याकडे वळले. त्यांच्या कानांचा रंग मी सांगितला तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

"हे कोणी घातलं यात?"

"आम्ही, साहेब."

"बत्तीसशे हा आकडा आहे की नाही?"

"आहे."

"मग मशीनचं काम संपलं. आकडा आहे की नाही एवढंच त्याने बघायचं. कुठले प्रकार असावेत ते भाषा करणाऱ्यांनी ठरवलंय. तुम्ही कोण हो नवे प्रकार काढणारे?"

"टाकीखाली उभे राहणारे, साहेब."

हे मी खणखणीत बोललो. आवाज नीट फुटला होता की नाही याबद्दल बायचं मत वेगळं आहे.

"उद्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे सगळे प्रश्न पुसायचे," साहेब शांतपणे म्हणाले. "पुसले नाहीत तर सुट्टीनंतर तुम्ही यायची गरज नाही."

संध्याकाळच्या गाडीत आमची कचेरी भरली, पण कामकाज सुरू होईना. पेणला माझं बिऱ्हाड भाड्याचं, खाणारी तोंडं घरभर आणि मिळवतं तोंड हे एकच, तेसुद्धा असं चालणारं. कासू जवळ आलं तशा बाय उठल्या.

"पुसनार काय?"

"बाय, प्रोग्रामच तो. पुसून पुन्हा लिहिता येतो. साहेब पुण्याला गेले की..."

"मंग भिंतीवरचा माझा हात बी पुसा. तो पन मंग परत काढा, साहेब पुन्याला गेले की."

आणि उतरल्या. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पेणपर्यंत मी साहेबांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या मोजायला लिस्पचे कंस पुरले नसते. पण पेणला फलाटावर पाय ठेवला तेव्हा डोकं लख्ख झालं होतं. पुसायचं नव्हतं, आणि घरीही बसायचं नव्हतं.

सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या मी कामाला लागलो. बाय कंस मोजत शेजारी बसल्या. सुट्टीच्या जरा आधी साहेब आले.

"पुसलं?"

"साहेब, आता तो कुणाला अडवत नाही. बसून बघा."

ते बसले. गोलाई, उंची, व्हॉल्व्ह बत्तीसशे, उभं राहायची जागा जमीन. बटण दाबलं. स्क्रीनवर अक्षरं आली:

हात पोचत नाय. तरी काढू? काढायला सांगणाऱ्याचं नाव टाका.

"हे काय आहे?"

"नाव टाकलं की टाकी निघते, साहेब. अजिबात अडत नाही. फक्त ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, जिथे आपली सही असते ना, तिथे ते नाव छापून येतं. वर एक ओळ येते, 'हात पोचत नाही हे ठाऊक असून मंजूर'."

साहेबांची बोटं बटणांवर गेली आणि तिथेच राहिली. मग ते म्हणाले, "तुम्हीच टाका तुमचं नाव."

"मी कसं टाकू? शिडी मी नाही कापली."

"बाई, तुम्ही टाका."

"माझा काय उपेग साहेब?" बाय म्हणाल्या. "माझा हातच नाय पोचत."

सुट्टीचा भोंगा झाला. यार्डातून डबे उघडल्याचे आवाज आले. साहेबांनी एक अक्षर दाबलं, आणि लगेच पुसलं. मग खुर्ची मागे सरकवून उठले, आणि माझ्याकडे न बघता बायना म्हणाले, "प्लॅटफॉर्म दाखवा. शिडीसकट. अगदी लहान."

"लहान म्हंजे किती, साहेब?"

"तुमच्या त्या मशीनला विचारा!"

आणि पडदा झटकून गेले.

सुट्टीनंतर मी आलो. मला कुणी हाकललं नाही, पण आठवड्याच्या आत साहेबांच्या ध्यानात आलं की साइटची मापं घ्यायला यार्डात एका अनुभवी माणसाची फार गरज आहे. माझं टेबल पत्र्याखाली गेलं. तिथे दुपारी कंपासपेटीत पापड ठेवला तर भाजून निघायचा. त्या वर्षी पगार वाढला नाही, पुढच्याही वर्षी नाही. मी मागायलाही गेलो नाही. आत बाय होत्या, तपास होता, आणि खिडकीशी माणसांची रांग होती. कुणी नवा प्रश्न सुचवला की मी पत्र्याखालून ओरडायचो, आणि आतून त्या आवाजात "व्हय" यायचा की यार्डातली क्रेन थांबायची.

ती टाकी उभी राहिली तेव्हा वेल्डर तिच्या प्लॅटफॉर्मवर चढला. दोन्ही पाय पसरून उभा राहिला, छातीसमोरच्या व्हॉल्व्हचं चाक एका हाताने पुरं फिरवलं, आणि दुसऱ्या हाताने मला वर बोलावलं.

"भाऊ, चाय घेऊन या! हितं दोघं बसतील."

मी दोन ग्लास घेऊन चढलो. खाली साहेब पाहत उभे होते. आम्ही सावकाश प्यायलो.