मुका लॅपटॉप

धम्मानंद गजभिये नऊ वर्षांचे असताना त्यांना गोवर निघाला आणि त्यात त्यांचे डोळे गेले. पुढे कोराडीच्या वीज केंद्रात त्यांनी सत्तावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली. निवृत्त झाले तेव्हा तिथल्या जितेंद्र नावाच्या इंजिनियरने त्यांना आपला जुना लॅपटॉप दिला. विंडोज त्या मशीनवर रांगायचं, म्हणून त्यात लिनक्स ही जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी प्रणाली टाकून दिली. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवणारा आवाज त्यात आयता होता. मराठी थोडी नाकातून बोलायचा, पण बोलायचा.

नागपुरात इंदोऱ्यातल्या घरी बसून धम्मानंद सहा महिन्यांत तो लॅपटॉप शिकले. मग दर रविवारी फोनवरून चार अंध मुलामुलींना शिकवू लागले. "लिनक्स आपलं आहे. त्याले कोणी मालक नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या चौघांत कुही तालुक्यातल्या खेड्यातली मिनल सगळ्यांत हुशार. नागपुरातलं एक ऑफिस तिला मुलाखतींची रेकॉर्डिंग पाठवायचं, ती ऐकून मराठीत टाइप करून द्यायची. घरात कमावणारी ती पहिलीच मुलगी.

मार्चमध्ये लॅपटॉप रोज सांगू लागला की ही आवृत्ती आता जुनी झाली, हिची सुरक्षा बंद होणार, नवी तयार आहे. धम्मानंदांनी आपल्या फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि शनिवारी सकाळी बसले. तेवढ्यात मिनलचा फोन आला.

"सर, माझा लिनक्सपण तेच सांगून राहिला. माझं काम चालू आहे. अपग्रेड करू का?"

"कर ना. मी पण आत्ताच करून राहिलो."

पावणेतीन तास लॅपटॉप फायलींची नावं पुटपुटत राहिला. मग बंद होऊन सुरू झाला. पंखा फिरल्याचं ऐकू आलं. इथे रोज आवाज 'पासवर्ड' म्हणायचा. आज काहीच नाही. त्यांनी अंदाजाने पासवर्ड टाकला, आवाज सुरू करायची बटणं दाबली.

"फ्रेम," लॅपटॉप म्हणाला. म्हणजे नुसती चौकट, आत काय आहे ते नाही.

बाण दाबला. "फ्रेम." टॅब दाबला. "फ्रेम."

त्यांच्या बायकोने, सरिताने, शेजारच्या खुशीला बोलावलं. ती कॉलेजात शिकणारी.

"अय्या काका, किती मस्त दिसून राहिलं! मागे जांभळे डोंगर आहेत, सगळे कोपरे गोल झाले."

"दिसण्याचं काय सांगून राहिली वं मले? लिहिलं काय आहे ते वाच."

लिहिलं होतं, स्वागत आहे.

पुढचे तीन दिवस ते मोबाइलवरून लिनक्सवाल्यांच्या चर्चागटात विचारत बसले. एकाने कळवलं, माझ्याकडे तर चालतं. दुसऱ्याने समजावलं की नव्या आवृत्तीत स्क्रीनवर चित्र उमटवायची पद्धतच बदलली आहे, वाचणाऱ्या आवाजाला ती अजून पकडता येत नाही. तक्रार नोंदवा. त्यांनी इंग्रजीत अकरा ओळींची अदबशीर तक्रार नोंदवली. चौथ्या दिवशी ती बंद झाली. कारण दिलं होतं की हीच तक्रार आधी कोणीतरी केलेली आहे. ती आधीची त्यांनी उघडून ऐकली. चौदा महिन्यांपूर्वीची होती.

"त्याईले माहीत होतं," ते सरिताला म्हणाले. "चौदा महिन्यांपासून माहीत होतं. तरी 'तयार आहे' म्हणून बटण ठेवलं."

"मंग तुमी काहून दाबलं?" सरिताने विचारलं.

त्यांनी ती जुनी तक्रार पुन्हा पहिल्यापासून लावली.

मिनलचा लॅपटॉपही शनिवारीच मुका झाला होता. सोमवारचं काम ती देऊ शकली नाही, बुधवारी ऑफिसने ते दुसऱ्याला दिलं. तिच्या घरी स्क्रीनवरचं इंग्रजी कोणाला वाचता येत नव्हतं. वडिलांनी लॅपटॉप मोटारसायकलवर कुहीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेला. दुकानदाराने सगळं पुसून विंडोज टाकलं. टायपिंगसाठी दोन वर्षांत जमवलेली तिची अवघड शब्दांची यादी आणि सगळं टाइप केलेलं त्यात गेलं.

हे तिने धम्मानंदांना फोनवर सांगितलं.

"पेनड्राइव्हवर घ्यायचं सांगितलं होतं का मी तुले?"

"नाही सर."

"मी माझं घेतलं होतं."

"हो सर." मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणता ना, याले कोणी मालक नाही. मग मी ओरडू कोणावर?"

"माझ्यावर ओरड."

ती ओरडली नाही. तेच त्यांना जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात खुशीला एकेक ओळ वाचायला लावून त्यांनी जुनी आवृत्ती पुन्हा टाकली. लॅपटॉप बोलू लागला. सरिता म्हणाली, चला, झालं एकदाचं. ते हसले नाहीत. या आवृत्तीला आता सुरक्षा मिळणार नव्हती. बँकेचं पान तिच्यावर उघडायची त्यांना भीती वाटू लागली.

रविवारी शिकायला मिनलचा फोन आला नाही. त्यांनी स्वतः फोन केला. ती म्हणाली, "सर, नवीन शिकून राहिली मी, विंडोजवरचं. तुम्ही नका त्रास घेऊ." बोलणं अगदी नम्र होतं. त्यांनी तब्येत विचारली, तिने बरी आहे म्हणून सांगितलं, आणि बोलायला काही उरलं नाही.

उरलेल्या तिघांना त्यांनी त्याच दुपारी कळवलं, आता दुसऱ्या कोणाकडून शिका. एकाने कारण विचारलं.

"मलेच अजून येत नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.