मिनिटबाई

मंगळवारी दुपारी नर्सबाईंनी आमच्या मुलीचे श्वास अर्धे मिनिट मोजले. गुरुवारी मुलगी गेली. ती सात महिन्यांची होती.

तेव्हा त्यांना मिनिटबाई कुणी म्हणत नसे. समुद्रपूरकडच्या आमच्या गावात त्या उपकेंद्रातून येत. मुलीला सर्दी-खोकला होता. झबले वर करून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्या मोजत होत्या, तेवढ्यात फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. पुढच्या गावातही दोन लेकरे तापाने पडली होती.

"बाई, गाडी आली तुमची," मी म्हणालो.

"तेवीस. म्हंजे सेहेचाळीस. पन्नासच्या आत हाय, ठीक हाय," म्हणत त्या उठल्या. पिशवी मीच उचलून दिली.

तान्ह्या मुलाचा श्वास एकसारखा चालत नाही. मध्येच मंदावतो, मग धावतो. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचे असते, हे मला मागाहून कळले.

गुरुवारी मुलीला वर्ध्याच्या दवाखान्यात नेले, तेव्हा तिच्या नाकातला नमुना घेतला होता. त्याचा कागद तेराव्यानंतर बाईच घेऊन आल्या. आरएसव्ही नावाचा विषाणू. मोठ्या माणसाला त्याने बहुधा नुसती सर्दी होते. औषध होते का, मी विचारले.

"त्याच्यावर औषध नाई, सर. पण ऑक्सिजन होता. दोन दिवस होते."

"घाई मी केली, बाई."

"गाडी तुमी दाखवली. उठली तं मीच ना."

त्यानंतर त्या कुठल्याही घरात गेल्या की आधी टीव्ही बंद करायला लावत, मग पंखा. वाऱ्याने झबले हलते आणि मोजणे चुकते, म्हणून. "एक मिनिट कोणी बोलू नोका." एकदा एक आजी कुरकुरली, "काऊन वं बाई, श्वास मोजून राह्यली का सोनं तोलून राह्यली?"

"सोनंच हाय, आजी. चूप बसा."

गाड्या निघून जात. बाई चालत पुढच्या गावी जात. गावाने नाव ठेवले ते तेव्हा.

पुढे आम्हाला मुलगा झाला. पाचव्या महिन्यात तोही खोकू लागला. बाईंनी मोजले, पुन्हा मोजले. बाहेर हॉर्न वाजत होता. मी तोंड उघडले नाही.

"अठ्ठावन. वर्ध्याले न्या. आत्ताच्या आत्ता," म्हणून त्या स्वतः धावल्या आणि फाट्यावर एसटी अडवून उभ्या राहिल्या. त्याच्याही कागदावर विषाणू तोच निघाला.

यंदाच्या हिवाळ्यात मिनिटबाई वारल्या. मुलगा खोकला की मी अजून पंखा बंद करतो, त्याचा सदरा वर करतो आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजतो. तो आता दुसरीत आहे.