कपाटासाठीचं भांडण

जुन्या फर्निचरच्या दुकानात बरीच वर्षं काढल्यावर तिला गिऱ्हाईक दारातच ओळखता यायचं. ज्याला टेबल मनापासून हवं असतं तो त्यावरून हात फिरवतो, खण दोनदा उघडून बघतो, आणि मग मालक भाव सोडत नाहीत. शहाणा माणूस शेजारच्या खुर्चीची चौकशी करत बसतो.

तिचा नवरा तसा वाईट नाही, असं लोक म्हणायचे. लोकांना त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं. तिने खिडकी उघडली की त्याला थंडी वाजायची, लावली की जीव गुदमरायचा. वेगळं व्हायचं ठरलं तेव्हाही तेच. "टिकली माझ्याकडे राहू दे," एवढंच ती एकदा बोलून गेली. आपल्या या लेकीची शाळा कुठल्या रस्त्यावर आहे हेही ज्याला धड ठाऊक नव्हतं, तो दुसऱ्याच दिवशी तिच्या वर्गशिक्षिकांना भेटून आला.

तेव्हापासून तिने टिकलीचा विषयच काढला नाही. काढला तो आरशाच्या कपाटाचा. बिजागरी सैल झालेलं, दार उघडताना किंचाळणारं कपाट. फोनवर, जिन्यात, त्याच्या बहिणीसमोर, तिचं एकच पालुपद, कपाट मीच घेणार.

"ते कपाट घाल चुलीत," आई वैतागायची. "पोरीचं बोल ना काही. तोंडात मिठाची गुळणी धरलीयेस का?"

"आई, तू यात पडू नकोस."

"पडू नकोस म्हणे. इकडे माझा डोळ्याला डोळा लागत नाही."

तिचा स्वतःचाही लागत नव्हता. त्याने कपाट सोडून पोरगीच धरून ठेवली तर?

कोर्टातल्या समुपदेशक बाईंच्या खोलीत ती सरळच म्हणाली, "कपाट मी देणार नाही." आवाज चढला होता. इतक्या वर्षांत त्याच्यासमोर तो कधी चढला नव्हता.

नवरा खुर्चीत रेलून हसला. "बघा मॅडम, बाईसाहेबांचा जीव कशात आहे ते. कपाट मलाच हवं."

"आणि मुलगी?" बाईंनी विचारलं.

"राहू दे हिच्याकडे. रविवारी मी नेत जाईन. कपाट मात्र उद्याच उचलणार."

"करा काय करायचं ते," ती कशीबशी म्हणाली. तिला रडू आलं, ते मात्र खरं होतं. मसुद्यावर दोघांच्या सह्या झाल्या. न्यायाधीशांपुढे पक्क्या सह्या पुढच्या महिन्यात व्हायच्या होत्या.

ती बाहेर आली तर बाकावर टिकली बसली होती. दार नीट लागलेलं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

बसथांब्यावर पोरगी थांबली. मग म्हणाली, "मला तुझ्याकडे राहू दे, असं बाबा म्हणाले."

"हो गं."

"तू नाही म्हणालीस. तू कपाटच मागत होतीस."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण टिकली आठ वर्षांची. तिच्या पोटात काही राहत नसे. येत्या रविवारीच ते बाबांच्या कानावर गेलं असतं, आणि मग त्याने मसुदा फाडायला वेळ लावला नसता.

"पुढच्या महिन्यात सांगते. सगळं सांगते."

"आत्ता सांग."

"आत्ता नाही, राणी."

बस आली. टिकली पुढे धावत जाऊन खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर तिने दप्तर ठेवलं. तिची आई मागच्या सीटवर जाऊन बसली.